शाळा की चर्च? अभ्यासिका की विहार? हा प्रश्नच खोटा आहे



मी ज्या वस्तीत काम करते तिथे मागच्या महिन्यात पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर नकाशा लावला. त्यात बालवाडी होती, सोसायटीचं ऑफिस होतं, दोन मजल्यांचं पार्किंग होतं. मागच्या रांगेतून एका आजीने विचारलं, "आमचा विहार कुठाय यात?" विहाराच्या जागेवर नकाशात 'पत्रा शेड – पाडणे' एवढंच लिहिलेलं होतं. ही 'शेड' त्या आजीने आणि तिच्या बरोबरीच्या बायांनी घराघरातून वर्गणी काढून उभी केलेली आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला, "बघू. खाली पंप-रूमच्या शेजारी एक खोली देता येईल."

यावर सगळी सभा उठायला हवी होती. झालं उलटंच. आमचाच एक पोरगा उभा राहिला. एमपीएससीची तयारी करणारा, जयंतीला मिरवणुकीपेक्षा पुस्तकांचा स्टॉल लावू या म्हणणारा, चळवळीवर मनापासून प्रेम करणारा. तो म्हणाला, "ताई, विहार मागून काय करायचं? अभ्यासिका मागा. देवळांचं राजकारण आता आपण पण करायचं का?" अर्ध्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजी गप्प बसली.

मला त्या सभेत नीट उत्तर देता आलं नाही. त्या पोराचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला शांतपणे उत्तर द्यायला हवं. ते देण्यासाठी मी तुम्हाला पोलंडमधल्या एका कामगार वसाहतीत घेऊन जाणार आहे. लांबचा रस्ता आहे, पण शेवटी आपण त्या पंप-रूमच्या दारातच येणार आहोत.

नकाशात सगळं होतं, एक गोष्ट सोडून

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. क्राकोव हे तिथलं जुनं शहर. राजवाडा, विद्यापीठ, चर्च, सरंजामी घराणी, सगळं तिथे. १९४९ मध्ये या शहराच्या शेजारी शेतजमिनी घेऊन सरकारने एक नवंकोरं शहर बांधायला घेतलं. नाव ठेवलं नोव्हा हुता, म्हणजे 'नवा पोलाद कारखाना'. १९५४ मध्ये कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याला लेनिनचं नाव दिलं गेलं.

खेड्यापाड्यांतून हजारो तरुण पोरंपोरी तिथे आली. त्यांना काय मिळालं? पक्कं घर, नळाचं पाणी, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, रुंद रस्ते, झाडं. हे आपण हलक्यात घेऊ नये. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाच्या हातात जेव्हा स्वतःच्या घराची चावी येते तेव्हा काय वाटतं, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? त्या राजवटीचं हे श्रेय तिला द्यावंच लागेल.

पण एवढ्या मोठ्या शहराच्या नकाशात चर्चला जागा नव्हती. तो विसर नव्हता, तो सिद्धांत होता. धर्म म्हणजे अफू; पोट भरलं, वर्गजाणीव आली की ही सवय आपोआप सुटेल, असं नियोजनकारांचं गणित होतं. कामगाराला काय लागतं हे कामगाराला न विचारता ठरवलं गेलं.

ऑक्टोबर १९५६ मध्ये पोलंडमध्ये थोडी मोकळीक आली. गोमुल्का सत्तेवर आले, आणि १९५७ मध्ये नोव्हा हुताच्या लोकांना चर्च बांधायची परवानगी मिळाली. लोकांनी ठरलेल्या जागेवर लाकडी क्रूस उभा केला. पुढे सरकार फिरलं. परवानगी रद्द झाली आणि त्याच जागेवर शाळा बांधायचं ठरलं. २७ एप्रिल १९६० च्या सकाळी मजुरांची तुकडी तो क्रूस उपटायला आली.

पहिल्यांदा त्यांच्या आडव्या आल्या त्या बाया. आसपासच्या इमारतींमधून, हातातलं काम टाकून आलेल्या. मग पाळी सुटल्यावर कारखान्यातले कामगार आले. हजारोंची गर्दी झाली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. रात्रीपर्यंत रस्त्यांवर धुमश्चक्री चालली. शेकडो लोकांना अटक झाली, अनेकांना तुरुंगवास झाला. कामगारांच्या नावाने चालणारं सरकार कामगारांच्याच अंगावर पोलीस घालत होतं. शेवटी शाळा बांधली गेली, पण क्रूस हलवायची हिंमत कोणाला झाली नाही. तो तिथेच राहिला.

दहा वर्षं आणि वीस लाख दगड

त्या काळात क्राकोवचे एक बिशप होते कारोल वोयतिवा. हेच पुढे १९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झाले. १९५९ पासून ते नाताळच्या मध्यरात्री नोव्हा हुतामध्ये यायचे आणि पोलंडच्या त्या कडाक्याच्या थंडीत उघड्या आकाशाखाली प्रार्थना घ्यायचे. लोक बर्फात उभे राहायचे. इमारत नव्हती, पण समूह होता.

१९६७ मध्ये सरकारने अखेर परवानगी दिली, पण त्या जुन्या जागेवर नाही. बिएन्चित्से नावाच्या वसाहतीच्या भागात दुसरी जागा मिळाली. १४ ऑक्टोबर १९६७ ला पहिली कुदळ पडली. १५ मे १९७७ ला चर्चचं उद्घाटन झालं. मधली दहा वर्षं लोक राबत होते. सरकारी बांधकाम यंत्रणा मदतीला नव्हती, साहित्य मिळताना मारामार. कामावरून सुटलेले लोक, विद्यार्थी, बाहेरगावचे स्वयंसेवक येऊन फावड्याने काँक्रीट कालवायचे. बाहेरच्या भिंतींना नदीतले गोटे लावले आहेत, सुमारे वीस लाख. ते लोकांनी नद्यांमधून गोळा करून आणलेले.

आणि बांधलं काय? जुन्या क्राकोवमधल्या चर्चची नक्कल त्यांनी केली नाही. वास्तुविशारद व्होयचेख पिएत्शिक यांनी फ्रान्समधल्या रोंशाँ इथल्या ल कॉर्ब्युझिएच्या चर्चपासून प्रेरणा घेऊन वळणदार काँक्रीटचं एक जहाज उभं केलं. लोक त्याला 'आर्का पाना' म्हणतात, प्रभूचं तारू. बायबलमधल्या प्रलयात नोहाने बांधलं ते तारू. छतातून डोलकाठीसारखा सत्तर मीटरचा खांब वर जातो आणि त्यावर क्रूस आहे. सभोवती सरळ रेषेतल्या कामगार इमारती आणि मधोमध हे वाकलेलं, गोट्यागोट्यांचं जहाज. आत मेरीची एक मूर्ती आहे. १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या शरीरांतून काढलेल्या लोखंडी तुकड्यांपासून ती घडवलेली आहे.

मला त्या इमारतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती त्या वसाहतीच्या माणसांसारखी दिसते. काँक्रीट, पोलाद, नदीचा गोटा. जे त्यांच्या हाताला माहीत होतं त्यातून बनलेली.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे

१९६० मध्ये सरकार त्या बायांना काय सांगत होतं? क्रूस कशाला, तुमच्या पोरांसाठी शाळा बांधतोय. ऐकायला किती पुरोगामी! पण त्या बाया शाळेच्या विरोधात होत्या का? त्यांचीच पोरं त्या शाळेत जाणार होती. इतकं अख्खं शहर मोकळ्या जमिनीवर आखलं, त्यात शाळेला दुसरी जागा नव्हती का? शाळा आणि चर्च एकाच तुकड्यावर आणून एकमेकांसमोर उभं केलं ते ज्याच्या हातात नकाशा होता त्याने. आणि एकदा तसं केलं की चर्च मागणारा आपोआप शिक्षणविरोधी ठरतो.

मित्रा, तुझ्या 'अभ्यासिका की विहार' या प्रश्नात नेमकं हेच झालंय. आपल्या नकाशात पार्किंगला दोन मजले आहेत. त्याच्याबद्दल कोणी विचारलं नाही, की गाड्या ठेवायच्या की पुस्तकं? एका खोलीसाठी मात्र आजी आणि नातू समोरासमोर आले. बिल्डरला आणखी काय पाहिजे?

आणि अभ्यासिका विहारात नसते असं तुला कोणी सांगितलं? नालंदा हा महाविहार होता. विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची, शिकण्याची, वाद घालण्याची जागा. आपण त्याला नुसतं वंदनेचं ठिकाण करून टाकलं असेल तर तो दोष आपला आहे, विहाराचा नाही.

पुन्हा नोव्हा हुताकडे बघ. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेवर आधी निर्बंध आले, ऑक्टोबर १९८२ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली गेली. सभा नाही, वर्तमानपत्र नाही, संघटना नाही. अशा वेळी लोक कुठे जमले? ज्या इमारतीची चावी त्यांच्याकडे होती तिथे. मोर्चे या चर्चच्या आसपास निघू लागले. १३ ऑक्टोबर १९८२ ला या तारवाजवळच बोग्दान व्वोसिक या वीस वर्षांच्या कामगाराला गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्याने गोळी घातली. आज चर्चसमोर त्याचं स्मारक आहे.

नोव्हा हुतातल्याच मिस्त्शेयोवित्से या दुसऱ्या वसाहतीत १९८३ मध्ये पाद्री काझिमिएश यांत्सार्श यांनी चर्चच्या इमारतीत कामगार विद्यापीठ सुरू केलं. सरकारी शाळेत जे शिकवलं जात नव्हतं ते कामगार तिथे बसून शिकत होते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी 'शाळा की चर्च' विचारणाऱ्या राजवटीच्या डोळ्यांदेखत चर्चच शाळा झालं होतं.

आपण यातून काय शिकायचं? सरकारने दिलेली अभ्यासिका सरकार कुलूप लावून बंद करू शकतं. सोसायटीने दिलेली खोली सोसायटीचं पुढचं मंडळ लग्नाच्या हॉलसाठी भाड्याने देऊ शकतं. ज्या जागेवर लोकांचा जीव आहे, जी त्यांनी स्वतःच्या घामाने उभी केली आहे, तिथलं कुलूप तोडणं अवघड असतं. १९६० च्या त्या बाया एखाद्या वाचनालयाच्या पाटीसाठी लाठ्या खायला आल्या असत्या का, मला शंका आहे. हे आवडो न आवडो, समाजाचं हे वास्तव आहे. आणि आपण समाजात काम करतो, वर्गात नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं

१९५६ चं ते वर्ष आठवा. ऑक्टोबरमध्ये पोलंडमध्ये सत्ताबदल झाला. त्याच महिन्यात, १४ तारखेला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या बुडापेस्टमध्ये घुसले. आणि २० नोव्हेंबरला बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. शोषण संपलं पाहिजे हे मार्क्सचं ध्येय त्यांनी नाकारलं नाही. त्यांचा आक्षेप मार्गावर होता. जबरदस्तीने आणलेली समता जबरदस्ती उठल्यावर टिकणार कशावर? माणसाचं मन बदललं नाही तर पोलिसाची काठी किती दिवस पुरणार? त्यांचं उत्तर होतं, धम्म.

नोव्हा हुता हा त्या प्रश्नाचा जिवंत पुरावा आहे. घरं दिली, नोकऱ्या दिल्या, पण माणसांनी एकमेकांशी कशाच्या आधारावर नातं जोडायचं हे दिलं नाही. ते हुकूम देऊन जमत नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी एक साधी गोष्ट मांडली आहे. माणूस एकटाच राहत असेल तर त्याला धम्माची गरज नाही. पण दोन माणसं एकमेकांच्या संबंधात जगू लागली की धम्माशिवाय चालत नाही. आता विचार करा, आपली वस्ती आडवी होती. दारात दार होतं, एकीच्या चुलीवरचा वास दुसरीच्या घरात जायचा. उद्या आपण तेवीस मजल्यांत विखुरणार. एका मजल्यावरची बाई आजारी पडली तर तीन मजले वर कळणार नाही. आजी सभेत मागत होती ती चार भिंतींची खोली नव्हती. सगळे एकमेकांना भेटतात ती जागा ती मागत होती. ज्याला आपण समाजशास्त्रात मोठमोठे शब्द वापरतो, ते तिने एका वाक्यात विचारलं: आमचा विहार कुठाय?

आणि 'देवळांचं राजकारण' म्हणशील तर तो फरकही समजून घे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आपण दुसऱ्याच्या दारात माणूस म्हणून हक्क मागत होतो. तिथल्या देवाची आस होती म्हणून नव्हे. पुढे बाबासाहेबांनी ते दारच मागे सोडलं. विहार म्हणजे कोणाच्या तरी जागेवर कब्जा नाही, कोणाची मशीद किंवा कोणाचं मंदिर पाडून उभा केलेला झेंडा नाही. आपल्याच घामाच्या जागेवर, आपल्याच नव्या इमारतीत, मैत्री आणि प्रज्ञेसाठी मागितलेली खोली आहे. या दोन गोष्टींना एका तराजूत घालणं हा आपल्या इतिहासावर अन्याय आहे.

पण चर्चची नक्कल नको

आता दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. नोव्हा हुताची गोष्ट गोड शेवटाची नाही. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली आणि चर्च सत्तेच्या जवळ गेलं. १९९३ च्या कायद्याने गर्भपातावर कडक बंधनं आली. २२ ऑक्टोबर २०२० ला तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचं कारणही रद्द केलं. लाखो बाया आणि तरुण रस्त्यावर उतरले आणि त्यांचा राग चर्चवरही होता. १९६० मध्ये ज्या बायांनी क्रूस वाचवला, त्यांच्या नातींच्या वयाच्या मुली साठ वर्षांनी त्याच चर्चला जाब विचारत होत्या. कारण क्रूसासाठी लाठ्या बायांनी खाल्ल्या, पण वेदीवर उभं राहण्याचा हक्क त्यांना कधी मिळाला नाही. निर्णय पुरुष धर्मगुरूंचेच राहिले.

हे वाचून आपण खूश होऊ नये, आरशात बघावं. आपल्या विहारात झाडू कोण मारतं? वर्षावासात रोज संध्याकाळी कोण येऊन बसतं? वर्गणी कोण मागतं? आणि विहार समितीच्या बोर्डावर नावं कोणाची असतात? आजीचं नाव त्या बोर्डावर नाही, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट रूपाची. पोलंडच्या कामगारांनी जुन्या राजवाडी चर्चची नक्कल केली नाही. आपल्याकडेही हे भान होतं. जुने स्तूप भरीव असायचे, त्यांना बाहेरून प्रदक्षिणा घालायची. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप वास्तुविशारद शेवदान मल यांनी आतून मोकळा ठेवला, म्हणजे हजारो माणसं आत एकत्र बसू शकतात. आपल्या काळात सगळ्यात गरजेचा काय, तर समूह, हे त्या रचनेला कळलं होतं. आज मात्र आपल्या अनेक विहारांत संगमरवर, सोनेरी रंग, देणगीदार पुढाऱ्याचं मूर्तीपेक्षा मोठं नाव आणि आठवडाभर कुलूप! असा विहार बघून तो पोरगा 'देऊळ' म्हणाला असेल तर चूक एकट्या त्याची नाही.

कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात गंधी आहे, सुतार आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी आपलं नाव दगडात कोरून ठेवलं. नोव्हा हुताच्या लोकांनी नदीचे गोटे आणले. आपल्या आजीने घरटी दहा-दहा रुपये गोळा केले. ही परंपरा पुढाऱ्याच्या एकरकमी चेकला विकू नका.

मग मागायचं काय?

पुढच्या सभेत मी चार गोष्टी लेखी मांडणार आहे. त्या इथेही लिहिते, कारण पुनर्विकास आज फक्त आमच्या वस्तीत होत नाहीये.

एक, नकाशातला 'पत्रा शेड' हा शब्द बदलून 'बुद्ध विहार' लिहा. जे कागदावर नाही ते उद्या कोर्टातही नसतं. तोंडी 'बघू' वर सही करायची नाही.

दोन, जागा पंप-रूमशेजारी नको. तळमजल्यावर, रस्त्यावरून दिसणारी, उजेड येणारी, म्हाताऱ्या माणसाला जिना न चढता येईल अशी हवी.

तीन, तीच अभ्यासिका. सकाळी आणि संध्याकाळी वंदना, दिवसभर पुस्तकं, रविवारी संविधानाचा आणि इतिहासाचा वर्ग. चावी एकाकडे नाही, पाळीने. आणि दार जात-धर्म न विचारता इमारतीतल्या प्रत्येक पोराला उघडं.

चार, समितीत निम्म्या बाया. पहिलं नाव आजीचं.

त्या पोराला मी हा लेख पाठवला आहे. तिसऱ्या मुद्द्याचा मसुदा त्यानेच लिहावा अशी माझी इच्छा आहे, कारण अभ्यासिका कशी चालते हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्याने लिहिला आणि आजीने त्यावर पहिली सही केली, तर बिल्डरचा माणूस पुढच्या वेळी 'बघू' म्हणणार नाही.

तुमच्या इमारतीच्या नकाशात काय लिहिलंय? आजच जाऊन बघा.

नमो बुद्धाय! जय भीम!